रतनपुरुष, दिवाळीनंतर

पोळा नुकताच झाला होता. आर्वीच्या बाजूला, ओळखीच्या एका काकांच्या वावरात, धुऱ्यावर उकिडवी बसून मी भिंगातून एका झाडाच्या खोडावरचे केस पाहत होते. पाऊस दोन दिवसांपासून उघडला होता, पण काळी माती अजून चप्पल सोडत नव्हती. एका अंगाला शेंगांनी लदलेलं सोयाबीन, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटी, आणि मधल्या धुऱ्यावर गुडघाभर गवत. त्या गवताच्या दुसऱ्या टोकाकडून काका पाठीवर पंप घेऊन धुरा फवारत येत होते. दांडा हलवण्याचा आवाज आधी आला, मग औषधाचा वास. माझ्यापासून चार पावलांवर त्यांनी पंप थांबवला. "काय पाहून राह्यल्या जी मॅडम?" मी झाड दाखवलं. "हा त रतनपुरुष. पहिले लय राहे." मग मी जरा उत्साहातच सांगत सुटले, की या झाडाचं शास्त्रातलं नाव बदललं आहे, याच्या कुळातल्या तिकडच्या एका झाडाच्या तर आता कितीतरी वेगळ्या जाती केल्या आहेत, आणि आपल्याकडच्या झाडांतही असं काही दडलंय का ते मी पाहतेय. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "नाव बदललं, एकाचे चार झाले, हे समजलं. मंग वावरात काय बदललं?"

मला पटकन काही सांगता आलं नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली. "तुमचं पाहनं झालं का सांगजा," ते म्हणाले, "मंग मी येवढा तुकडा मारतो."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रतनपुरुष नुसता उभा असला तर दिसत नाही. वीत-दीड वीत उंची, अरुंद पानं, गवतात पार मिसळून गेलेला. सकाळी उन्हं अंगावर आली की पानाच्या बगलेतून निघालेल्या बारीक देठावर एक फूल उघडतं, आणि मग नजर तिथून हलत नाही. पाकळ्या पाच असतात, पण चार इतक्या इवल्या की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. पाचवी एकटीच नखाएवढी, गुलाबी-जांभळी, बुडाशी निमुळती आणि पुढे पसरलेली, आणि तिच्यावरून आत जाणाऱ्या गडद रेषा. माश्या त्याच रेषांवरून चालत आत जाताना मी पाहिल्या आहेत. फूल गळालं की त्याच देठावर ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं हिरवं बोंड धरतं. ते वाळलं की तीन फाकांत उघडतं. प्रत्येक फाक होडीच्या आकाराची. वाळता वाळता तिच्या दोन्ही कडा आत मिटत येतात, मधलं गुळगुळीत बी दाबलं जातं, आणि चिमटीतून ओला चिंचोका निसटावा तसं ते उडून जातं. पिकत आलेली बोंडं कागदी पाकिटात घालून मी टेबलावर ठेवते, तेव्हा रात्री खोलीत कागदावर टिक्, टिक् असा आवाज येत राहतो. रतनपुरुष व्हायोलेटच्या कुळातला, आणि त्या कुळातल्या कितीतरी झाडांची ही रीत आहे. भिंगाखाली बी पिवळसर पांढरं, आणि त्यावर लांबीच्या दिशेनं बारीक उभ्या रेषा.

नागपूरला एमएस्सी करत असताना कुळांच्या पाठात व्हायोलेटचं चित्र असायचं. ते आम्ही वहीत काढलं, नावं दिली, पाठ केलं. खरं फूल वर्गातल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. खऱ्या व्हायोलेटला थंडी लागते, डोंगर लागतो. आमच्या वाट्याला त्यातलं एकच आलं होतं, आणि तेही वाळलेलं: बनफशा. घरात कोणाची छाती भरली की बाबा इतवारीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणायचे. चुरगळलेली, रंग उडालेली फुलं, गवताचा आणि धुळीचा वास, आणि काढ्याला येणारा तो चिकट गोडसरपणा. आजी वाटी तोंडाला लावून उभी राहायची, संपेपर्यंत हलायची नाही. पुढे एकदा सरांनी आम्हाला अंबाझरीच्या माळावर नेलं, गवतात वाकले, आणि एक जांभळी पाकळी बोटावर घेऊन म्हणाले, "पाठातलं कूळ शोधत होता ना? हे घ्या." तो रतनपुरुष होता. त्याआधी मी तो शेकडो वेळा तुडवला असेन. आमच्याच वावरात, आमच्याच धुऱ्यावर होता तो. त्या दिवशी घरी जाताना मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

मी काकांना ज्या तिकडच्या झाडाबद्दल सांगत होते, ते अमेरिकेतलं साधं निळं व्हायोलेट. पूर्वेकडच्या राज्यांत ते घरासमोरच्या हिरवळीत, रस्त्याकडेला, जंगलाच्या कडेला सगळीकडे उगवतं. इतकं ओळखीचं, की इलिनॉय, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी व्हायोलेटला राज्यफुलाचा मान दिला. पण हे एक झाड आहे की अनेक, यावर तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ शंभराहून जास्त वर्षं भांडत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड ली ग्रीन नावाच्या अभ्यासकानं जरा वेगळं दिसलं की नवी जात, असा धडाका लावला. त्यानंतर आले एझरा ब्रेनर्ड. हे व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजचे अध्यक्ष होते. १९०८ मध्ये ते त्या कामातून मोकळे झाले आणि व्हायोलेटमध्ये बुडाले. त्यांचं काम मला फार जवळचं वाटतं, कारण त्यांनी वाद कागदावर घातला नाही, मातीत घातला. ठिकठिकाणची झाडं आणून बागेत लावली, बी धरलं, पेरलं, उगवलं त्याचं पुन्हा बी धरलं. ज्या झाडाची पोरं आईसारखीच निघाली ती जात खरी. ज्याची पोरं चार तऱ्हांची निघाली तो संकर. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते, आणि हा माणूस ते व्हायोलेटच्या वाफ्यात तपासत होता. १९२१ मध्ये त्यांचं उत्तर अमेरिकेतल्या व्हायोलेटवरचं पुस्तक आलं.

पुढे वारा फिरला. ही झाडं एकमेकांत इतकी मिसळतात की वेगळी ठेवण्यात अर्थ नाही, असं म्हणत १९९२ मध्ये लँडन मॅकिनी यांनी त्यातली बरीचशी नावं पुन्हा एकत्र केली, आणि साधं निळं व्हायोलेट ही एक भलीमोठी जात झाली. पुस्तकं, याद्या, शाळेतली चित्रं, सगळं त्या एका नावावर चालू लागलं. आणि आता परत उलटं. ओहायोतले हार्वे बॅलार्ड आणि त्यांचे सहकारी आयुष्यभर ही झाडं पाहत आले. २०२३ मध्ये त्यांनी ईशान्य अमेरिकेतल्या व्हायोलेटचा मोठा आढावा काढला आणि त्या एका नावाखाली कोंबलेल्या जाती पुन्हा सुट्या केल्या.

सुट्या कशावरून केल्या, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

या व्हायोलेटला दोन तऱ्हांची फुलं येतात. वसंतात येतात ती जांभळी, डौलदार, सगळ्यांनी पाहावी अशी. ती सरली, उन्हाळा लागला, की पानांच्या खाली, मातीला टेकून दुसरी फुलं धरतात. ती कधी उघडतच नाहीत. त्यांना पाकळ्या जवळपास नसतातच. बंद कळीच्या आतच परागण होतं आणि बोंड धरतं. आणि जाती ओळखायच्या खुणा नेमक्या तिथे आहेत. ते बोंड हिरवं की जांभळ्या ठिपक्यांचं, त्याचा देठ जमिनीवर लोळतो की उभा राहतो, बी कोणत्या रंगाचं, पान पूर्ण वाढल्यावर त्यावर केस कुठे आणि किती. वसंतातल्या फुलात या झाडांचे चेहरे एकमेकांसारखे दिसतात. पण माणसं जातात ती फुलाच्या दिवसांत. शंभर-दीडशे वर्षं जी झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवली गेली, त्यातली बहुतेक त्या सुंदर फुलासकट होती. बोंडं यायच्या वेळी तिकडे कोणी फिरकलंच नाही. मग कपाटातले ते कागद समोर ठेवून पाहणाऱ्याला सगळी एकच वाटली, यात त्याचा तरी काय दोष? झाडं वेगळी होती. आपण चुकीच्या महिन्यात जात होतो.

आमच्याकडेही तेच चालतं. मुलांना घेऊन रानात जायचं म्हणजे श्रावण-भाद्रपद. सगळं हिरवं, सगळं फुललेलं, फोटो छान येतात. रानभाज्यांच्या जत्रा तेव्हाच, निसर्गभ्रमंती तेव्हाच. दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, कुसळं कपड्यांना टोचायला लागली, की माळावर गुराख्याशिवाय कोणी दिसत नाही. रतनपुरुष तेव्हा वाळून काडी झालेला असतो आणि त्याची बोंडं फुटत असतात.

गुणसूत्रं मोजली तर भांडण मिटेल, असं कोणालाही वाटेल. आमच्या भागात तर ही गोष्ट शेतकऱ्यालाही समजावून सांगता येते. गावरान कपाशीची गुणसूत्रं २६, आणि आज जी बीटी लावतात त्या अमेरिकन कपाशीची ५२. दोघी एका वावरात, शेजारशेजारच्या ओळींत लावल्या तरी आपापल्या राहतात, आणि मुद्दाम संकर केला तर पोर वांझ निघतं. तिथे आकडाच निकाल देतो. या निळ्या व्हायोलेटांत मात्र सगळ्यांची गुणसूत्रं सारखीच, ५४. म्हणून ती एकमेकांत मिसळतात, म्हणून मधले नमुने सापडतात, आणि म्हणूनच एकत्र करणाऱ्यांच्या म्हणण्यालाही वजन होतं. इथे आकडा उपयोगाचा नाही. बोंड पाहावं लागतं, बी पाहावं लागतं, पेरून पाहावं लागतं.

आपला तरोटाही या चक्रातून गेला आहे. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर ज्याची कोवळी पानं खुडून भाजी करतात, त्या तरोट्याच्या दोन जाती शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये सांगितल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात त्या एक ठरल्या, आणि विसाव्या शतकात पुन्हा दोन. फरक बोटावर दाखवता येतो. पानाच्या दांड्यावर, पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध नारिंगीसर बारीक गाठ असते. एका तरोट्यात ती फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते, दुसऱ्यात खालच्या दोन्ही जोड्यांत. शेंगेचा देठ पहिल्यात लांब, दुसऱ्यात आखूड. आमच्या घरी भाजी निवडायला बसलेल्या मामींना मी हे एकदा दाखवलं. त्यांनी मन लावून पाहिलं, दोन ढीगही केले, आणि मग दोन्ही ढीग एकाच कढईत टाकले. लसूण, लाल मिरची, थोडी भिजवलेली डाळ. भाजी नेहमीसारखीच झाली. मला वाटतं, मामींचं अगदी बरोबर होतं. जिथे कढईत फरक पडत नाही तिथे त्यांनी का करावा? त्यांचे वेगळे करण्याचे निकष वेगळे आहेत: कोवळं की जून, रस्त्याकडेचं की वावरातलं. ते निकष त्या एका नजरेत लावतात, आणि मी त्यात अजूनही कच्ची आहे.

आमच्या कॉलेजच्या कपाटात रतनपुरुषाचं वाळलेलं झाड चिकटवलेला एक जुना कागद आहे. लोखंडी कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास डोळ्यांत जातो. झाड तपकिरी झालंय, पाकळीचा रंग गेलाय, पण खोडावरचे केस अजून उभे आहेत. कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं नाव आहे, आयोनिडियम. इंग्रजांच्या काळच्या ग्रंथांत हेच नाव होतं. त्याच्या वर दुसऱ्या अक्षरात, बॉलपेननं, हायबॅन्थस. आणि या सगळ्यांच्या आधी, १७५३ मध्ये, लिनियसनं या झाडाला व्हायोलाच म्हटलं होतं. रतनपुरुष त्याच्या लेखी सरळ सरळ व्हायोलेट होता. एवढंच कशाला, पुढे एकच मानल्या गेलेल्या या झाडाला त्यानं दोन नावं दिली होती, दोन जाती म्हणून. मग २०१५ मध्ये फ्लिकर आणि बॅलार्ड यांनी दाखवून दिलं, की हायबॅन्थस म्हणून जगभरची जी झाडं एका खोलीत बसवली होती ती मुळात एका घरची नाहीत. आफ्रिका-आशियाकडच्या या शाखेला त्यांनी अॅफ्रोहायबॅन्थस असं वेगळं नाव दिलं. बॅलार्ड म्हणजे तेच, अमेरिकेतलं निळं व्हायोलेट सुटं करणारे. ओहायोत बसून त्या माणसानं आर्वीच्या धुऱ्यावरच्या झाडाचं घर बदललं होतं, आणि काका त्याच धुऱ्यावर पंप घेऊन उभे होते.

प्रात्यक्षिकाच्या आधी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मी कोणतं नाव लिहू? पुस्तकात हायबॅन्थस आहे." परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून मी तिला पुस्तकातलं लिही म्हटलं, आणि कंसात नवं. ती परत म्हणाली, "मग कपाटातलं जुनं नाव खोडायचं का?" नाही. जुनं लेबल कधीच काढायचं नाही. त्याच कागदावर, शेजारी, नवी चिठ्ठी चिकटवायची: नवं नाव, कोणी ठरवलं, कोणत्या वर्षी. आमच्या विद्येतली ही शिस्त मला मनापासून आवडते. ज्यानं पहिलं नाव लिहिलं त्यानं तेव्हा उपलब्ध होतं ते सगळं पाहून लिहिलं होतं. त्याचं अक्षर तिथे राहिलंच पाहिजे, म्हणजे पुढच्याला कळेल की कोण कुठून चालत आलं.

मात्र ही फोड कुठवर करत न्यायची, हा प्रश्न मला छळतो. ग्रीनसारखं प्रत्येक केसावरून नवी जात काढली तर नावांचं रान माजतं, आणि त्यात नवा मुलगा पहिल्याच वर्षी घाबरून पळतो. झाडात सावलीनं, पाण्यानं, जनावरानं खाल्ल्यानं फरक पडतोच. बरडावरचा रतनपुरुष बुटका, खरखरीत, जाड पानांचा. काळ्या मातीतला उंच, जवळजवळ गुळगुळीत, लांब पानांचा. हा मातीचा गुण की रक्ताचा? दक्षिणेत या गटात त्रावणकोरच्या नावाची वेगळी जात आहे, ती सगळ्यांना मान्य आहे. म्हणून आपल्या धुऱ्यावरही दोन आहेत, असं होत नाही. वेगळं करण्याचा मोह मला होतो, आणि तो मोह आहे हे ओळखूनच मी भिंग हातात घेते.

तरीही काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर आहे. वावरात बदललं ते हे, की काय संपतंय ते मोजता येऊ लागलं.

निळं व्हायोलेट ही एकच जात मानली तेव्हा ते सगळीकडे होतं, त्याची काळजी करण्याचं कारणच नव्हतं. सुटं केल्यावर कळतं की त्यातलं एखादंच हिरवळीत सुखानं पसरलंय, आणि दुसऱ्याला नदीकाठची ओल लागते, तिसऱ्याला न नांगरलेली गवताळ जमीन. ती जमीन गेली तर ते जातं, आणि सगळ्यांसाठी एकच नाव असेल तर गेल्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्या नावाचं झाड फाटकापाशी फुललेलं असतंच. विदर्भात रतनपुरुष 'सगळीकडे' आहे असं प्रत्येक यादीत लिहिलेलं असतं. पण गेल्या काही वर्षांत मी जिथे जिथे पाहतेय, तिथे धुरे पिवळे पडत चाललेत, आणि तेही पावसाळ्यात. तणनाशक मारलेला धुरा लांबून ओळखू येतो. दोन्ही बाजूंना हिरवं पीक, मध्ये जळल्यासारखी तांबूस पट्टी. याचा राग मी काकांवर काढू शकत नाही. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर रोज परवडत नाही, धुऱ्यावरचं कुंदा-हराळ वावरात शिरलं तर डवऱ्यानं निघत नाही. पूर्वी धुरा बैलांसाठी कापला जायचा. आता बैलच घरटी उरले नाहीत, तर गवत कोणासाठी राखायचं? पंप त्यातून आला. बरडावरचा खरखरीत रतनपुरुष खरोखर वेगळा असेल, तर बरड सपाट करून फळबाग लावली की तो गेला. आणि आपण म्हणत राहू, रतनपुरुष ना, तो तर सगळीकडे असतो.

या झाडावर जगणारं एक फुलपाखरूही आहे. टॉनी कॉस्टर. केशरी पंखांवर काळे ठिपके, उडणं अगदी संथ, जमिनीलगत. पकडलं तर पाय आखडून मेल्यासारखं पडून राहतं आणि अंगातून पिवळा कडवट रस सोडतं. पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्या अळ्या रतनपुरुषाची पानं खातात, रानकृष्णकमळाच्या कुळातली वेलही खातात. अठराव्या शतकात फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानं याच फुलपाखराला एक नाव दिलं होतं ते व्हायोलेटवरूनच. हे फुलपाखरू आग्नेय आशियातून पसरत पसरत २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचलं आणि तिथेही रतनपुरुषाच्या भाऊबंदांवर अंडी घालू लागलं. आमच्या धुऱ्यावर मी त्याच्या काटेरी, तांबूस अळ्या पाहिल्या आहेत. एकाच झुडपावर पाच-सहा, शेंड्यापासून खाली खात येणाऱ्या, आणि झुडूप दोन दिवसांत नुसती काडी. मग पाऊस पडतो आणि तीच काडी पुन्हा फुटते.

ब्रेनर्ड यांची रीत मी आता कॉलेजच्या मागच्या अंगणात चालवते. बरडावरचं बी आणि काळ्या मातीतलं बी, दोन्ही एकाच मातीच्या कुंड्यांत, शेजारशेजारी, सारख्या उन्हात, सारख्या पाण्यावर. रतनपुरुषाचं बी मनासारखं उगवत नाही. कुंड्या महिनोन्महिने रिकाम्या दिसतात आणि शिपाई दादा विचारतात की यात काय लावलंय. जी रोपं आली त्यांत बरडाच्या बियांची रोपं काळ्या मातीत येऊन उंच झाली, पानंही लांबली. म्हणजे तो बुटकेपणा मातीचा होता. खोडावरचे केस मात्र आले, आईला होते तितकेच दाट. ती मुलगी, जिनं नाव विचारलं होतं, रोज येऊन केस पाहते आणि वहीत लिहिते. तिनंच मला सांगितलं की एका कुंडीतल्या बियांवरच्या रेषा दुसरीपेक्षा खोल दिसतात. भिंग बदलून, बी पुसून, उजेड बदलून आम्ही पुन्हा पाहिलं. दिसतात. एवढ्यावरून नवी जात होत नाही. त्यासाठी आम्हाला दोन धुऱ्यांचं नाही, पन्नास ठिकाणचं बी लागेल, आणि ते आमच्या एका कॉलेजला जमणारं नाही.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या वावराच्या धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर रतनपुरुष असेल तर दिवाळीनंतर एकदा तिथे जाऊन बसा. जमलं तर तेवढा तुकडा फवारू नका. खोडावरून बोट फिरवून पाहा, खरखरीत लागतं की गुळगुळीत. फिकट झालेली पण अजून न फुटलेली थोडीशीच बोंडं कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते. पाकीट घट्ट दुमडा, नाहीतर सकाळपर्यंत अर्धं बी खोलीभर झालेलं असेल. बाकीची बोंडं झाडावरच राहू द्या. आणि पाकिटावर पेन्सिलनं गाव, तारीख आणि माती लिहा: काळी, मुरमाड की बरड. झाडाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.